शेजारचं छप्पर, पाकोळ्या आणि 'दहा महिने उतरतच नाही' ही थाप?

नीलमोहर | ९ जून, सकाळी ११:२०

प्रश्न दोन आहेत. एक तातडीचा, दुसरा नुसताच छळणारा.

आम्ही ऑक्सफर्डजवळच्या एका गावात राहतो. जुनी, विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं. शेजारच्या आजोबांच्या वळचणीला फटी आहेत आणि त्यांत दर मे महिन्यात कॉमन स्विफ्ट येतात. आपल्याकडच्या पाकोळ्यांचीच ही युरोपातली बहीण, म्हणून पुढे पाकोळीच म्हणते. काळपट तपकिरी रंग, कोयत्यासारखे वळलेले पंख. संध्याकाळ झाली की दहा-बारा जणींची टोळी किंचाळत कौलांना घासून जाते. तो कालवा सुरू झाल्याशिवाय माझ्या मुलीला उन्हाळा आलाय हे मान्यच नसतं.

आजोबांना छप्पर दुरुस्त करून घ्यायचंय. कारागीर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोकळा आहे आणि सगळ्या फटी कायमच्या बुजवून टाकायच्या असं त्याचं म्हणणं. मी चाचरत पाकोळ्यांचा विषय काढला, तर आजोबा म्हणाले, "हे पक्षी वर्षातले दहा महिने हवेतच असतात म्हणे. मग उरलेल्या दोन महिन्यांसाठी माझंच घर कशाला हवं?"

मला काही उत्तर सुचलं नाही. माणूस वाईट नाही हो. आम्ही भारतात येतो तेव्हा आमच्या कुंड्यांना पाणी तेच घालतात. संबंध न बिघडवता काय सांगावं? आणि दहा महिने न उतरता राहणं हे खरं तरी आहे का? झोप, तहान, पिसं गळणं, हे सगळं वरच?

चहाटळ | ९ जून, सकाळी ११:४१

आमची स्विफ्ट वाकडच्या पुलाखाली दहा महिने एका जागी उभी असते. त्यात झोपही होते. चालू द्या.

खडूस काका | ९ जून, दुपारी १२:०५

वळचणीचं पाणी आढ्याला चाललंय. चाळीस ग्रॅमचा जीव आणि दहा महिने टेकत नाही? पाहिलं कुणी? आफ्रिकेत तिच्याखाली खुर्ची टाकून कोण बसलं होतं? रात्री एखाद्या झाडाच्या शेंड्याला लटकली असेल तर कुणाला कळणार? 'शास्त्रज्ञांना असे आढळले आहे' छापाच्या बातम्या मी चहाबरोबर वाचतो आणि चहाबरोबरच संपवतो.

कावेरी_ल | ९ जून, दुपारी २:३०

काका, खुर्चीची गरज पडली नाही. हिशेबनीस पक्ष्याच्या पाठीवरच बसवला होता.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले अँडर्स हेडेनस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम, २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. जेमतेम एक ग्रॅमचं यंत्र. त्यात एक ॲक्सिलरोमीटर, म्हणजे पंख चालू आहेत की अंग स्वस्थ आहे याची नोंद ठेवणारा. काही यंत्रांत शिवाय उजेड टिपणारा सेन्सर. उजेडावरून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कळतात, आणि त्या वेळांवरून पक्षी पृथ्वीवर साधारण कुठे होता ते काढता येतं. निष्कर्ष असा की घरटं सोडल्यापासून पुढच्या उन्हाळ्यात परत येईपर्यंतच्या दहा महिन्यांत या पाकोळ्या ९९ टक्क्यांहून जास्त वेळ हवेत होत्या. काही जणी अधूनमधून रात्रीपुरत्या टेकल्या. काही जणी एकदाही टेकल्या नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पिसांची. ज्या सतत उडत होत्या त्यांनी पंखांची जुनी पिसं टाकून नवी घेतली होती, तीही उडता उडता. ज्या टेकत होत्या त्यांनी बदललेलीच नव्हती. म्हणजे टेकणं हा आराम नसून तब्येत ठीक नसल्याची खूण असावी, असा संशोधकांचा अंदाज.

आता नीलमोहर, तुमच्या आजोबांसाठी. हे यंत्र सिग्नल वगैरे पाठवत नाही. एक ग्रॅममध्ये तेवढी बॅटरी मावत नाही. माहिती हवी तर तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. कुठे पकडणार? तर त्याच भोकात. ही बया कांगोच्या खोऱ्यापर्यंत जाते आणि पुढच्या मेमध्ये आधीच्याच फटीत शिरते, म्हणून तर हे संशोधन होऊ शकलं. आजोबांना दहा महिने ठाऊक आहेत, कारण कुणीतरी तिची फट बुजवली नव्हती.

चहाटळ | ९ जून, दुपारी २:४४

हे शेवटचं वाक्य इंग्रजीत करून आजोबांच्या दारातून सरकवा. धागा संपला.

खडूस काका | ९ जून, दुपारी ३:१०

धागा संपवू नका. पंख न मारता घारीसारखी तरंगली तरी अंग स्वस्थ आणि कड्याला लटकली तरी अंग स्वस्थ. यंत्राला फरक काय कळणार?

कावेरी_ल | ९ जून, दुपारी ३:५२

रास्त प्रश्न. पाकोळीला आपल्या चिमणीसारखं फांदीवर बसता येत नाही. पायाची चारही बोटं पुढे वळतात, त्यामुळे ती भिंतीला किंवा खोडाला नखं रोवून उभी लटकते. उडताना शरीर आडवं, लटकताना उभं. स्वित्झर्लंडच्या सेम्पाख इथल्या पक्षिसंस्थेच्या फेलिक्स लिएश्टी यांच्या गटाने २०१३मध्ये अल्पाइन स्विफ्टवर असंच यंत्र लावलं होतं आणि ते शरीराचा कलही नोंदवत होतं. पश्चिम आफ्रिकेत २०० दिवस सलग हवेत, असं निघालं. तरंगणं आणि लटकणं यात गल्लत व्हायला जागा नव्हती.

खडूस काका | ९ जून, दुपारी ४:०१

कलाचं पटलं. झोपेचं अजून नाही.

घाटवाट | ९ जून, संध्याकाळी ६:२०

अल्पाइन स्विफ्टसाठी स्वित्झर्लंड कशाला? ती आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर असते. कॉमन स्विफ्टपेक्षा बरीच मोठी, पोट पांढरं, गळ्याखाली तपकिरी पट्टा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पालथं पडून खाली बघत राहा. दुपारी कड्यावरून वर येणारा वारा इतका जोरदार असतो की खाली टाकलेलं गवत परत अंगावर येतं. त्या वाऱ्यात या पाकोळ्या खेळतात. तुम्ही दरीत डोळे लावलेले असता आणि कानाशेजारून 'सप्प' आवाज येतो. पक्षी दिसेपर्यंत तो नळीच्या वाटेवर पोचलेला असतो. आमच्या ग्रुपातला एक पोरगा प्रत्येक वेळी डोकं वाचवायला खाली वाकायचा. आधीच पालथा होता, अजून कुठे वाकणार!

फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. मोकळ्या आकाशाचे उत्तम फोटो येतात.

मिरचीभजी | ९ जून, संध्याकाळी ७:०२

पण सगळ्यात वेगवान पक्षी बहिरी ससाणा ना? शाळेत तेच शिकलो.

नाना नेपचून | ९ जून, रात्री ८:१५

बहिरी ससाणा सूर मारतो तेव्हा ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. पण त्यात निम्मं काम गुरुत्वाकर्षणाचं. सपाट, पंख मारत उडण्याच्या शर्यतीत कॉमन स्विफ्टचा मोजलेला वेग ताशी १११ किलोमीटर आहे. हेही लुंडचंच काम, २०१०चं. त्यात गंमत अशी की हा वेग प्रवासातला नाही. नीलमोहर म्हणतात त्या किंचाळणाऱ्या टोळ्यांमधला आहे. प्रवासात ती शहाण्यासारखी बेताने उडते. व्हाइट-थ्रोटेड नीडलटेल ही दुसरी एक पाकोळी ताशी १६९ने जाते असं पुस्तकांत फिरत असतं, पण त्या मोजणीची पद्धत कधी नीट बाहेर आली नाही. आणि आता एक वटवाघूळही स्पर्धेत आहे. अमेरिकेतली फ्री-टेल्ड वटवाघळं ताशी १६०पर्यंत पोचल्याचा दावा २०१६मध्ये झाला, त्यावर अजून वाद चालू आहेत.

आता काकांची झोप. पाकोळीच्या मेंदूत तार घालून झोप अजून कुणी मोजलेली नाही, कारण जीव फार लहान. पण गालापागोसच्या फ्रिगेटबर्ड या मोठ्या समुद्रपक्ष्यावर नील्स राटेनबोर्ग यांच्या गटाने हे केलं, तेही २०१६मध्येच. ते पक्षी उडता उडता झोपत होते. कधी मेंदूची एकच बाजू, कधी चक्क दोन्ही. एकूण झोप दिवसाला पाऊण तासाच्याही आत. जमिनीवर आल्यावर मात्र तेच पक्षी बारा-बारा तास ढाराढूर.

पाकोळ्या तिन्हीसांजेला वर वर चढतात, पार अडीच किलोमीटरपर्यंत. जुनी समजूत अशी की झोपायला जातात. पण आड्रियान डॉक्टर (हे आडनाव) यांनी नेदरलँड्समध्ये हवामानाच्या रडारवर पाहिलं तर त्या पहाटेही तेवढ्याच उंच चढत होत्या. झोपायला जाणारा माणूस उठायच्या वेळी पुन्हा माडीवर कशाला जाईल? त्यामुळे आता असं मानतात की त्या वेळी वरून दूरवरच्या खुणा, येणारं हवामान आणि संधिप्रकाशातली दिशा हे सगळं एकदम वाचता येतं, त्यासाठी ही चढण असावी.

एटीसी_मामा | ९ जून, रात्री ९:४८

यावरून आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट. पहिल्या महायुद्धात एक फ्रेंच वैमानिक रात्री इंजिन बंद करून शत्रूच्या हद्दीवर गुपचूप तरंगत उतरत होता. खाली पांढरे ढग, वर पौर्णिमा. दहा हजार फुटांच्या आसपास त्याला अचानक दिसलं की आपण पक्ष्यांच्या थव्यात शिरलोय, आणि ते जवळजवळ स्थिर आहेत, काही हालचालच नाही. एक पक्षी विमानात अडकला, म्हणून खाली आल्यावर कळलं की पाकोळी. त्या काळात लोकांनी त्याला काय काय म्हटलं असेल याची कल्पना करा.

पुढे ओल्टिंगेन नावाच्या स्विस खेड्यातल्या एमिल वाइटनाउअर या मास्तरांनी हा विषय हातात घेतला. गावातल्या पाकोळ्या रात्री कुठे जातात ते बघायला ते स्वतः विमानातून रात्रीचे वर गेले, नंतर रडारवरही त्यांनी त्या पाहिल्या. शाळा सांभाळून! आमच्या मास्तरांनी आम्हाला कधी गच्चीवरसुद्धा नेलं नाही.

फुलपात्र | १० जून, सकाळी ७:३०

आमच्या सातारच्या घरासमोर तारेवर रांगेने बसतात त्या पाकोळ्याच ना? मग बसता येत नाही कसं म्हणता?

घाटवाट | १० जून, सकाळी ८:०५

फुलपात्रताई, तारेवर बसते ती भिंगरी. शेपटी लांब दुभंगलेली, बरेचदा गळा तांबूस. ती चिमणीच्या गोतावळ्यातली. पाकोळीचं जवळचं नातं भिंगरीशी नसून हमिंगबर्डशी आहे, ऐकायला विचित्र वाटलं तरी. हवेतले किडे पकडायचं काम एकच, म्हणून दोघींचे देह सारखे घडले. तारेवर बसलेली दिसली की पाकोळी नाही, इतका सोपा नियम.

दर्याकिनारा | १० जून, सकाळी ९:१७

पाकोळ्यांच्या धाग्यावर वेंगुर्ला रॉक्सचं नाव कसं नाही? वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, तिथल्या गुहेत इंडियन स्विफ्टलेट घरटी करते. लाळेची घरटी. ती घरटी चोरून परदेशात सूपासाठी पाठवणाऱ्यांची टोळी होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे राखण करून चोरी थांबवण्यासाठी बरंच काम केलं. मी पोटापाण्यासाठी होडीवर असताना त्या खडकांजवळून गेलोय. भरतीत गुहेचं तोंड बघूनच पोटात गोळा येतो, त्यात दोर लावून कोण आत जातं देव जाणे.

हा पक्षी अंधाऱ्या गुहेत टिकटिक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट काढतो. वटवाघळासारखंच, फक्त हा आवाज आपल्यालाही ऐकू येतो.

चहाटळ | १० जून, सकाळी ९:३०

दुसऱ्याच्या थुंकीचं सूप आणि त्यासाठी जीव धोक्यात. आमचं पिठलं बरं.

मिरचीभजी | १० जून, सकाळी १०:१२

लांब पल्ल्याचं म्हणाल तर अमूर ससाण्याला कुणी हरवू शकत नाही. नागालँडहून निघतो, महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिका. लोणावळ्याला दिसतो हिवाळ्याच्या सुरुवातीला.

घाटवाट | १० जून, सकाळी १०:४०

हो, आणि २०१२मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार झाली होती, तीच गावं पुढच्याच वर्षी त्यांची राखण करायला लागली. २०१३च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रह-टॅग लावले, नावं दिली नागा, पांगती आणि वोखा. समुद्रावर त्यांच्या खाण्याचं काय, तर त्याच सुमारास चतुरांचे थवेही भारतातून आफ्रिकेकडे निघालेले असतात. शिदोरी सोबतच उडते.

पण तो ससाणा रात्री झाडावर बसतो हो. समुद्रावर टेकायला जागा नाही म्हणून उडत राहतो. पाकोळीला जागा असूनही नको असते. वेगळं प्रकरण आहे.

कावेरी_ल | १० जून, सकाळी ११:२५

लांब पल्ल्यात पाकोळीही कमी नाही. बीजिंगच्या समर पॅलेसमधल्या जुन्या मंडपात घरटी करणाऱ्या कॉमन स्विफ्टना २०१४मध्ये उजेड टिपणारी यंत्रं लावली. पुढच्या वर्षी त्या परत आल्यावर कळलं की मंगोलिया, मध्य आशिया, इराण, अरबस्तान असं करत त्या आफ्रिकेच्या पार दक्षिणेला, नामिबिया-बोत्स्वानाकडे गेल्या होत्या. एका बाजूचा प्रवास साधारण १४ हजार किलोमीटर. बीजिंगकरांना शेकडो वर्षं त्या रोज दिसत होत्या आणि हिवाळ्यात कुठे जातात याचा पत्ता नव्हता.

स्वीडनच्या उत्तरेकडच्या पाकोळ्यांचा स्थलांतरातला वेग दिवसाला सरासरी ५७० किलोमीटर निघाला, आणि काही जणींनी नऊ दिवस सलग रोज ८३०हून जास्त अंतर कापलं. वारा कुठल्या दिवशी पाठीशी असेल ते साधून निघतात. आमच्या पुण्याच्या बसला वाराच काय, काहीच साधत नाही.

खडूस काका | १० जून, दुपारी १२:००

दिवसाला ५७० म्हणजे मुंबई-नागपूरच्या दोन-तृतीयांश. मार्गात टोल नाही, चहा नाही. माझा मूळ आक्षेप मागे घेतलेला नाही, तहकूब ठेवलाय.

आता मला हे सांगा, पिल्लाचं काय? पहिल्यांदाच घराबाहेर पडायचं आणि त्यानंतर टेकायचंच नाही. उडायला शिकतं कुठे?

नाना नेपचून | १० जून, दुपारी १:३३

शिकतच नाही. अंधाऱ्या फटीत बसून तयारी करतं. शेवटच्या दिवसांत पिल्लं दोन्ही पंख खाली टेकवून अंग उचलून धरतात, व्यायामशाळेत जोर काढतात तसं. आईबाप इतकं चारतात की एका टप्प्यावर पिल्लू मोठ्या पक्ष्यापेक्षा जड होतं, मग उडण्याआधी ते स्वतःच वजन उतरवतं. पंख जेवढं पेलतील तेवढ्यावर आलं की फटीतून बाहेर. उडी मारली की विषय संपला. आईबाप उडायला शिकवत नाहीत, सोबत जात नाहीत, बाहेर पडल्यावर घास भरवत नाहीत. पहिलं अंडं घालायचं वय साधारण तीन-चार वर्षं. मधली दोन-तीन वर्षं बहुतेक वेळ आकाशातच.

खाणं म्हणजे हवेतले किडे आणि स्वतःच्या धाग्यावर तरंगत निघालेले छोटे कोळी. पिल्लांसाठी गळ्यात लाळेने चिकटवलेला गोळा आणतात. एका गोळ्यात काहीशे किडे. पाणी तलावाच्या पृष्ठभागावरून चोच घासत. घरट्याला लागणारी पिसं-काड्यासुद्धा वाऱ्यावर उडत असलेल्याच झेलतात. पावसाची झड लागली तर आईबाप वादळाला वळसा घालून लांब निघून जातात, आणि पिल्लं अंग थंड पाडून, श्वास मंद करून उपाशी दिवस काढतात.

फुलपात्र | १० जून, दुपारी १:५०

अडीच वर्षांच्या नातवामागे वाटी घेऊन धावणाऱ्या माझ्या लेकीला हे वाचायला देते.

नाना नेपचून | १० जून, दुपारी १:५८

जेवून झालं असेल तर अजून एक. पाकोळीच्या अंगावर एक रक्त पिणारी माशी असते, पंख इतके आखूड की तिला उडताच येत नाही. तिचे कोश घरट्यात राहतात आणि बरोबर पाकोळ्या आफ्रिकेहून परतल्या की फुटतात. दहा महिने रिकाम्या घरात भाडेकरूची वाट बघत बसणारा ढेकूण समजा.

चहाटळ | १० जून, दुपारी २:०३

हे आजोबांना सांगू नका. उद्याच सिमेंट घेऊन येतील.

फ्रांकफुर्टकर | १० जून, संध्याकाळी ५:४०

धागाकर्तीचा प्रश्न मागेच राहिला. जर्मनीत हे प्रकरण सरळ असतं. पुन्हा पुन्हा वापरली जाणारी घरट्याची जागा पक्षी नसतानाही संरक्षित असते. बुजवायची तर परवानगी घ्या आणि बदली पेट्या लावा. आमच्या इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर दिला तेव्हा तसंच झालं. वरच्या मजल्याच्या भिंतीत पोकळ विटा बसवल्या आणि त्या बाहेरून दिसतही नाहीत.

आमच्या शहरात पाकोळ्यांसाठी खास दवाखाना आहे. पिसं तुटलेल्या पक्ष्याला दुसऱ्या, मेलेल्या पाकोळीची पिसं जोडतात. त्यांचं कळकळीचं सांगणं असतं की जमिनीवर पडलेली पाकोळी सापडली तर हवेत भिरकावू नका. धडधाकट मोठी पाकोळी जमिनीवरूनही उडू शकते. नाही उडाली तर बहुधा जखमी आहे किंवा पिल्लू आहे. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि जाणकाराकडे न्या. दूध-पाव, खिमा असलं काही भरवू नका, तिला फक्त किडे चालतात.

डेव्हनचा_देशपांडे | १० जून, रात्री १०:१५

नीलमोहर, इंग्लंडपुरतं सांगतो. १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून नष्ट करणं गुन्हा आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडच्या फटींत पिल्लं असणार हे जवळजवळ नक्की. अंडी उबवायला तीन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला साधारण सहा. म्हणजे काम ऑगस्टच्या मध्यावर ढकलायला हवं, तोवर बहुतेक निघून गेलेल्या असतात.

पण कायद्याने सुरुवात करू नका. आजोबांच्या बाजूनेही बघा, छप्पर गळत असेल तर त्यांनी काय करायचं? फटी बुजवणं ही दुष्टाई नाही, चांगल्या बांधकामाची आजची व्याख्याच तशी आहे. इथे १९९५नंतर पाकोळ्या निम्म्याहून कमी झाल्या आणि २०२१मध्ये धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेल्या. किडे घटले हे कारण आहेच, पण घरंही मिटत चालली आहेत. नव्या घरांत पोकळ विटा सक्तीच्या करा या मागणीवर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि जुलै २०२३मध्ये संसदेत चर्चा झाली.

कावेरीताईंचं म्हणणं थोडं पुढे नेतो. पाकोळी खाते, पिते, झोपते, पिसं बदलते, जोडीसुद्धा कधीकधी हवेत जमते. अंडं तेवढं हवेत घालता येत नाही. सगळ्या आयुष्यात तिला जमिनीशी संबंधित एकच गोष्ट लागते आणि ती आजोबांकडे आहे. "दोन महिन्यांसाठी माझंच घर कशाला" याला माझं उत्तर हेच, की बाकी काही मागतच नाही ती.

खडूस काका | १० जून, रात्री १०:४०

देशपांडे, भावनेला हात घालून माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची मतं बदलत नाहीत. खर्च किती आणि कोण करणार ते सांगा. काम पुढे ढकललं आणि कारागीर हातचा गेला तर? मी आजोबांच्या जागी असतो तर पहिला प्रश्न हा विचारला असता.

डेव्हनचा_देशपांडे | १० जून, रात्री १०:५५

बरोबर. म्हणून मोकळ्या हाताने जाऊ नका. तारीख बदलायला कारागिराशी तुम्हीच बोला. फटी तशाच ठेवून पट्टी मारता येते, एवढीशी जागा लागते. पाकोळीला सुमारे तीन सेंटिमीटरची फट पुरते. तेही नको असेल तर वळचणीखाली लाकडी पेट्या लावा, खर्च तुम्ही उचला. छप्पर गळणाऱ्या जागा आणि पाकोळ्यांच्या जागा एकच असतात असंही नाही.

नीलमोहर | १६ जून, सकाळी १०:०५

सगळ्यांचे आभार. काल आजोबांकडे चहाला गेलो, मुलगी सोबत होती. बीजिंगचं आणि यंत्र परत मिळवायचं सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "त्याच भोकात?" कायद्याचं कार्ड काढावंच लागलं नाही. खडूस काका, त्यांचा दुसरा प्रश्न अगदी तुमचा होता. खर्च किती?

कारागिराशी नवऱ्याने बोलून ठेवलंय. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येईल, पण नक्की शब्द दिलेला नाही. घराच्या मागच्या बाजूच्या फटी बुजणार, त्यावर आजोबा ठाम आहेत. पुढच्या बाजूच्या दोन ते ठेवायला तयार आहेत, आणि मागच्या बाजूला आम्ही दोन पेट्या लावायच्या असं ठरलंय. मागच्या फटीतल्या जोडीला पेटी सापडेल का?

फ्रांकफुर्टकर | १६ जून, दुपारी १२:३०

जुनी जोडी आधी आपलं भोकच शोधत राहते, भिंतीवर आपटतेसुद्धा. म्हणून पेटी जुन्या भोकाच्या जितकी जवळ लावाल तितकं बरं. जमिनीपासून पाच मीटर तरी उंच, समोर मोकळं आणि दिवसभर ऊन न येणाऱ्या बाजूला. मेपासून त्यांच्या हाकांचं रेकॉर्डिंग लावलं तर घर शोधत फिरणारी तरुण मंडळी लवकर येतात. तरी पहिल्याच वर्षी येतील असं नाही, कधी काही वर्षं जातात.

समिधा_ठाणे | १६ जून, दुपारी २:१५

मध्येच विचारते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या छताला पिसं आणि गवताची गचाळ घरटी चिकटलेली आहेत, डझनभर तरी. गाड्यांवर घाण पडते म्हणून कमिटी ती काढायला निघाली आहे. या पण पाकोळ्याच का? हिवाळ्यात जातील का मग?

घाटवाट | १६ जून, दुपारी ३:००

कमरेवर पांढरा पट्टा असेल तर छोटी पाकोळी. ती स्थलांतर करत नाही आणि रात्री झोपायलाही त्याच घरट्यात येते, वर्षभर. त्यामुळे ऑगस्टचा मुहूर्त इथे लागू नाही. घरट्यात अंडी-पिल्लं असताना हात लावलात तर १९७२च्या वन्यजीव कायद्यात घरट्याची नासधूससुद्धा शिकारीच्या व्याख्येत येते, हे कमिटीला लेखी कळवा. आणि घरट्यांखाली एक फळी ठोका, गाड्या स्वच्छ राहतात. आमच्याकडे सेक्रेटरींच्या गाडीच्या वरची फळी सगळ्यात आधी लागली, मग बाकीच्यांचा ठराव पास झाला.

समिधा_ठाणे | १६ जून, दुपारी ३:२०

फळीचं सुचवते. सेक्रेटरींची गाडी नेमकी घरट्यांपासून लांब आहे. आधी पार्किंगची जागा बदलायचा ठराव आणावा लागेल.